गोळी वाढवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मालवण तालुक्यातल्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालीस, आनंद झाला. तरुण मुंबईला आणि वाडीत म्हातारी माणसं, त्यामुळे बीपी-शुगरचं रजिस्टर जाडच असणार. आकडा वाढलेला दिसला की 'गोळी वाढवूया का' म्हणून लगेच डॉक्टरांना फोन लावू नकोस. आधी आकडा खरा आहे का ते बघ, मग गोळी पोटात जाते का ते.

चढण चढून आलेल्या आजींना थेट बीपीचा पट्टा बांधलास तर मोजली जाते ती चढण. पाच मिनिटं बसू दे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. लघवीला जाऊन आलेल्या असाव्यात. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, मिश्री नको. पट्टा उघड्या दंडावर बांध. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. मोजताना दोघींनीही गप्प बसायचं, आणि आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड. मिनिटभराने पुन्हा मोज, दोन्हींची सरासरी लिही. एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणून निदान होत नाही, वेगळ्या दिवशी पुन्हा बघ. पण आकडा १८०/११० च्या वर असून छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय किंवा बोलणं अडखळतंय, तर थांबू नकोस, १०८ ला फोन कर.

म्हाताऱ्यांना उभं करूनही मोजायचं, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला तर रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती. अशांची गोळी वाढवण्याचा विचार डॉक्टरांनी दोनदा करावा.

शुगरचंही तसंच. मे महिन्यात आंबा चिरलेल्या बोटातून रक्त घेतलंस तर शुगर भलतीच चढलेली दिसेल. नुसत्या स्पिरिटने भागत नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. पावसाळ्यात शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमटपणाने पट्ट्या बिघडतात.

आता गोळ्या. 'माका काय होत नाय' म्हणणारा माणूस बीपी नॉर्मल आलं की गोळी सोडतो. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. मग ते किडनीच्या भीतीने गुपचूप बंद करतात. सूज आहे का, आपण होऊन विचार. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक बीपी चढवते आणि किडनीलाही त्रास देते. सुकट, खारे बांगडे, लोणचं आणि वर पेजेत मीठ; दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी, हे गणित सुनेसमोर मांड, कारण चूल तिच्या हातात असते.

चतुर्थीला आलेले चाकरमानी प्रेमाने मुंबईच्या गोळ्या ठेवून जातात. तू दिलेली आणि मुलाने आणलेली, नावं वेगळी, औषध एकच, आणि आजी दोन्ही घेतात. म्हणून दर महिन्याला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांग. ब्रँडचं ठळक नाव सोड, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाच.

शुगर कमी होणं हे म्हाताऱ्यांत शुगर वाढण्यापेक्षा झटकन घात करतं. एकादशीला ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन जेवण टाळलं की दुपारी घाम, थरथर, कधी नुसतीच बडबड किंवा गुंगी. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घे. शुगर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. सुधारलं की काहीतरी खायला दे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे एकदा सावरलं म्हणून घरी पाठवू नकोस, डॉक्टरांना कळव.

पुढच्या पत्रात पायांच्या तपासणीचं लिहीन. तोवर चपला न घालणाऱ्यांची यादी आशाताईंकडून करून ठेव.