चित्रांवर जगायचं, तर वर्ष नऊच महिन्यांचं धरा

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे, नागपुरात मानेवाड्याला आई-बाबांसोबत राहते. दोन वर्षांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. नैराश्य आणि अँग्झायटीची औषधं त्याआधीपासून सुरू आहेत. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बॅक ऑफिसला आहे, हातात ३१,००० येतात. तिथले दिवे, सतत वाजणारे फोन, गर्दी. संध्याकाळी घरी आल्यावर बराच वेळ बोलताही येत नाही. रात्री आणि रविवारी मुलांच्या पुस्तकांसाठी, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. गेल्या वर्षी त्यातून १,०८,००० मिळाले. एफडी १,८०,०००, बचत खात्यात ४५,०००. पुढच्या महिन्यात राजीनामा द्यावा, ९०,००० चा चित्रं काढायचा स्क्रीनवाला टॅबलेट घ्यावा आणि धरमपेठेत ७,००० भाड्याची शांत खोली बघावी असा विचार आहे. चौपट वेळ मिळाला तर कमाई ३५,००० पर्यंत जाईल ना? समुपदेशन महिन्यातून दोनदाऐवजी एकदाच केलं तर १,२०० वाचतीलही.

उत्तर : नोकरी सोडावी, असंच माझंही मत आहे. पुढच्या महिन्यात मात्र नाही. आत्ता फेब्रुवारी आहे. शेवटचा दिवस ३१ जुलै धरा. टॅबलेट आणि धरमपेठेची खोली, दोन्हींना सध्या नाही म्हणा. समुपदेशनाला हात लावू नका.

तुम्ही पाठवलेला महिनावार तक्ता मी बराच वेळ बघत होतो. त्यात प्रत्येक महिन्यात पूर्ण केलेल्या कामाची रक्कम आहे. ऑगस्ट २२,०००. सप्टेंबर २१,०००. आणि लगेच ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर शून्य. उरलेल्या सात महिन्यांत मिळून ६५,०००, म्हणजे महिन्याला साधारण ९,३००. दिवाळी अंकांची कामं श्रावण-भाद्रपदात एकदम अंगावर येतात. दिवसा नोकरी करून तुम्ही रात्री दोन-दोनपर्यंत बसलात आणि मग तीन महिने पेन उचलवलं नाही. तुम्ही ते तीन महिने ‘आजारपण’ म्हणून वेगळे काढलेत आणि २२,००० चा महिना ‘मी हे करू शकते’ याचा पुरावा म्हणून धरलात. माझ्या हिशेबात हे पाचही महिने एकच आहेत : पाच महिन्यांत ४३,०००. पुढचं सगळं नियोजन याच आकड्यावर उभं करायला हवं.

म्हणून चौपट वेळ, चौपट कमाई हे गणित मला मान्य नाही. वेळ वाढला म्हणून संपादकांचे मेल वाढत नाहीत. आणि तुमच्या बाबतीत कमाईची मर्यादा घड्याळ ठरवत नाही, ती ताकद ठरवते. वर्षात कामाचे महिने नऊ धरा. तीन महिने रिकामे जाणारच असं समजून पैसे लावा. ते नाही गेले तर शिल्लक वाढेल.

आता खर्च. घरात ८,०००, डॉक्टर आणि औषधं २,५००, समुपदेशन २,४००, इंटरनेट आणि सॉफ्टवेअर १,६००, स्वतःचा खर्च ३,५००. हे झाले १८,०००. त्यात आरोग्य विम्याचे महिन्याला १,२०० धरू. वर्षाचे २,३०,४०० होतात. उन्हाळ्याचं वाढीव वीजबिल ८,००० धरलं की २,३८,४००. नऊ महिन्यांत विभागले तर कामाच्या प्रत्येक महिन्यात साडेसव्वीस हजार लागतात. आज तुम्ही कामाच्या महिन्यात सरासरी १२,००० मिळवता. पहिल्या वर्षी ते १७,००० पर्यंत जातील असं मी धरतो, जास्त नाही. म्हणजे १,५३,००० येतील आणि ८५,००० च्या आसपास कमी पडतील. ही तूट आहे हे आधीच माहीत असलं तर तिची भीती वाटत नाही. अचानक कळली तर माणूस मिळेल ते काम घेत सुटतो, आणि तुमचा ऑगस्ट-सप्टेंबर पुन्हा घडतो.

तूट भरायला जुलैपर्यंतची नोकरी उपयोगी पडते. पगार आणि चित्रांचे मिळून ४०,००० येतात, पेट्रोल धरून खर्च २०,००० होतो. सहा महिन्यांत १,२०,००० बाजूला पडतील. या सहा महिन्यांत दिवाळी अंकाचं एकही काम स्वीकारू नका, ऑगस्टपासूनचंच कबूल करा. एवढ्या काळात ऑफिसमध्ये कॉल नसलेलं काम किंवा खिडकीजवळची जागा मिळते का हे ईमेलवर विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझम आणि मानसिक आजार दोन्ही आहेत, आणि समान संधी धोरण ठेवणं खासगी आस्थापनांनाही लागू आहे. निदान सांगायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा. ‘आवाजाचा त्रास होतो’ एवढ्यावरही बदल मागता येतो. आणि जुलैच्या आधीच तब्येत ढासळायला लागली, तर डॉक्टरांच्या सांगण्यावर सोडा. तारीख माझ्या हिशेबासाठी आहे, तुम्हाला पिळण्यासाठी नाही.

शांत खोलीची गरज मला पूर्ण पटते. ती चैन नाही, तुमच्या धंद्याचं भांडवल आहे. बाबांचा टीव्ही, मिक्सर, येणारे-जाणारे यांच्यात तुम्ही काम करू शकणार नाही. पण धरमपेठेची खोली वर्षाला ८४,००० खाईल, म्हणजे जवळजवळ पूर्ण तूटच. तुमच्या घराच्या गच्चीवर खोली आहे, ‘पण उन्हाळ्यात तिथे बसवत नाही आणि कूलरचा आवाज सहन होत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. नागपूरचा मे महिना, त्यातला नवतपा म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, आणि पारा पंचेचाळिशीपार. वरच्या मजल्यावर कूलर तसाही कमी पडतो. तिथे इन्व्हर्टर एसी लावा, जाड पडदे लावा. ३८,००० च्या आत होईल. मार्चमध्येच करून टाका, कारण एप्रिलमध्ये बसवायला माणूस मिळत नाही.

हे सगळं धरून जुलैअखेर तुमच्याकडे साधारण तीन लाख असतील. त्यातले १,२०,००० वेगळ्या एफडीत टाका. हा सहा महिन्यांचा खर्च आहे आणि तो फक्त रिकाम्या महिन्यांसाठी. उरलेले १,८०,००० तुटीसाठी, दोन वर्षं पुरतील असे. ही मोकळी रक्कम ६०,००० वर आली की अर्धवेळ काम शोधायचं, हे आजच लिहून आई-बाबांना दाखवून ठेवा. वाईट महिन्यात असे निर्णय नीट होत नाहीत, म्हणून ते चांगल्या महिन्यात घेऊन ठेवायचे. रिकाम्या महिन्यात घरचे ८,००० माफ असतील का, हेही बाबांना आत्ताच विचारा. पीएफ मोडू नका. नोकरी सोडली तरी त्यावर व्याज मिळत राहतं.

विम्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुम्ही लिहिलंय, की विमा एजंट म्हणाला, ‘निदान लिहू नका, पॉलिसी महाग होईल.’ त्याचं ऐकू नका. माहिती लपवली तर दावा नाकारला जाण्याचं कारण तुम्हीच लिहून देता. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचं आहे, आणि आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ (तोवर त्या आजाराचा दावा मिळत नाही) आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. तुम्ही चार वर्षं कंपनीच्या गट विम्यात आहात. राजीनामा देण्याआधीच एचआरला ईमेल करून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा. कंपनी तपासणी करून ठरवते, पण गट विम्यातली वर्षं प्रतीक्षा काळात धरली जातात. नोकरी सुटल्यावर हा दरवाजा बंद होऊ शकतो.

सोबत निरामय योजना. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही आरोग्य विमा योजना ऑटिझम असलेल्यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते, ओपीडी आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरा. तपासणीला वेळ लागतो, तेव्हा पगाराची रजा आहे तोवर ते उरका. प्रमाणपत्र घ्यायचं मन होत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तो संकोच मी समजू शकतो, घाई करणार नाही. फक्त ते करबचतीसाठी घेऊ नका : ७५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि तुमच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. निरामयसाठी घ्या.

उपचारांवरचे १,२०० वाचवणं मला अजिबात मान्य नाही. बिघडलेला एक महिना तुम्हाला साडेसव्वीस हजारांना पडतो. पैसे खरंच संपले तर मेडिकलची (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची) मानसोपचार ओपीडी आहे, मिहानमधलं एम्स आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास विनामूल्य चालतो.

कामाच्या पैशांबद्दल थोडं. पुण्याच्या एकाच प्रकाशकाकडून तुमचे साठ टक्के येतात आणि पैशासाठी फोन करणं जमत नाही, म्हणून गेल्या मार्चचं बिल अजून थकलंय. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि मोफत होते. नोंदणीनंतरच्या कामांना २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याचं संरक्षण मिळतं : लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक, देय तारीख आणि व्याजाची एक ओळ छापा. फोन न करता तेच बोलेल. निम्मे पैसे आगाऊ घ्या, बदल दोनदाच, तिसऱ्याचे वेगळे पैसे. ‘काहीतरी छान काढा’ एवढ्याच सूचनेवर काम सुरू करू नका. पाच-सहा लेखी प्रश्नांचा कागद तयार ठेवा आणि तो भरून आल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

हक्कांचंही लिहून घ्या. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच तशी तरतूद आहे. ‘एका आवृत्तीपुरता वापर, हक्क चित्रकाराकडे’ एवढं वाक्य ईमेलमध्ये मान्य करून घेतलं, तर तेच चित्र पुढे कॅलेंडरला किंवा दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीला पुन्हा विकता येतं. नवीन चित्र न काढता आलेला पैसा तुमच्या रिकाम्या महिन्यांत सगळ्यात मोलाचा.

करात एवढंच : एका ग्राहकाकडून वर्षात ५०,००० च्या वर गेलात तर तो दहा टक्के टीडीएस कापेल. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरा, ते पैसे परत मिळतात. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा २० लाखांची आहे, त्याचा विचार आत्ता नको.

येत्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महिन्याला २५,००० च्या वरचं काम घेऊ नका, आलं तरी. नोकरी नसताना एवढं काम करून ऑक्टोबर कसा जातो ते बघायचं आहे. तो तक्ता नोव्हेंबरमध्ये मला पुन्हा पाठवा. टॅबलेटचं तेव्हा ठरवू. जुना पेन टॅबलेट चालतोय तोवर ९०,००० मला तुमच्या एफडीतच हवेत.