रीफ टाकीतल्या रॉकची कमान फेविक्विकवर उभी राहील का?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात ३ फुटी रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी) लावताय, कोरडा रॉक (त्यात रचायचा सच्छिद्र दगड) आणलाय, त्याची कमान करायचीय, तर ती फेविक्विकवर उभी राहील का सिमेंट लावू, आणि रॉक कमी पडला तर महाबळेश्वरकडचा जांभा चालेल का. मी सांगलीत असतो, माझी पण ३ फुटीच टाकी आहे आणि माझी कमान एकदा कोसळलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी चूक अशी, दोन दगडांची टोकं एकमेकाला टेकवली, मध्ये जेलवाला सुपरग्लू भरला, दोन मिनिटं धरून ठेवलं आणि खूश झालो. दीड महिना मस्त उभी होती राव. मग एका रविवारी काच पुसताना मॅग्नेट कमानीला जरासा लागला आणि कट् करून सांधा सुटला, वरचा दगड खाली. वाळूचा थर होता म्हणून तळाची काच वाचली, खालचे झोआ (छोटे मऊ प्रवाळ) मात्र चेपले. सुपरग्लूचं असंच आहे, सरळ ओढलं तर दाद देत नाही पण आडवा धक्का बसला की काचेसारखा तुटतो.

आमच्याकडं शेताला दगडी ताल घालतात ती बघितली असेल तुम्ही, चुना नाही सिमेंट नाही, तरी वर्षानुवर्षं उभी असते कारण प्रत्येक दगड बसवलेला असतो, आणि जिथं डुगडुगतो तिथं कपची मारलेली असते. टाकीत पण तेच करा. आधी ग्लू न लावता रचून बघा. दोन दगड एका टोकावर टेकलेत तर फिरवून बघा, चुलीच्या तीन दगडांसारखा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. पायाचे दगड ग्लूशिवाय गपगुमान बसले पाहिजेत, वजन दगडानं पेलायचं, ग्लू फक्त हलू नये म्हणून.

कमानीचा वरचा दगड अर्थातच असा बसणार नाही, तिथं मी आता अ‍ॅक्रिलिकचा रॉड घालतो. ६ किंवा ८ एमएमचा, दोन्ही दगडांत भोक पाडून. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा नाहीतर रॉकचे दोन तुकडे होतील (झालेत माझे). लोखंडी सळई, बाइंडिंग वायर, तांब्याची तार यातलं काहीही नको, गंजतंय, आणि तांबं तर कोळंबी-गोगलगायीला विषच आहे.

आता चिकटवायचं कसं. दगड ब्रशनं झाडून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या, धूळ असेल तर ग्लू धुळीलाच चिकटतो. सांध्यात जेल भरा, वर रॉकचा चुरा नाहीतर कोरडी अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू दाबा, आणि त्यावर पातळ ग्लूचे थेंब सोडा, म्हणजे तुमचं फेविक्विक इथं कामाला येतं, ते पण सायनोअ‍ॅक्रिलेटच आहे, म्हणजे सुपरग्लूच. लगेच घट्ट होतं. परत चुरा, परत थेंब, असे तीन-चार थर दिले की सांध्याभोवती दगडासारखीच गाठ तयार होते. खायचा सोडा टाकला तर अजून झटकन होतं पण पांढरं दिसतं. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्याला जाम झोंबते, आणि सुती हातमोजे घालू नका, कापसावर हा ग्लू पडला की चांगलाच तापतो.

इपॉक्सी पुट्टी एकटी ओल्या दगडाला नीट धरत नाही, निघून येते. जेल, मग पुट्टी, मग परत जेल असं लावलं तर बसते. पाणी भरलेल्या टाकीत लावली तर स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एखाद-दोन दिवस वेड्यासारखा फेस काढतो, घाबरू नका.

सिमेंट भक्कम आहे, पण त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढतो. सिमेंट लावलंच तर महिना-दीड महिना बादलीत पाणी बदलत भिजत ठेवायची तयारी पाहिजे. ३ फुटी टाकीला एवढा उपद्व्याप कशाला. प्लास्टर ऑफ पॅरिस तर अजिबात नको, ते पाण्यात हळूहळू विरघळतं.

एक दिवस वाळल्यावर अख्खी कमान उचलून हलकेच हलवून बघा, जे तुटायचं ते बाहेर तुटू दे. मग आधी रॉक तळावर ठेवा आणि नंतर वाळू टाका, वाळूवर रॉक ठेवलात तर गोबी मासे खालून उकरून सगळं कलंडवणार. काचेपासून ३-४ इंच जागा सोडा, मॅग्नेट फिरायला.

जांभ्याचं म्हणाल तर मोह मला पण झालेला, भोकं बघून वाटतं हा तर आयता रीफ रॉक. पण तो लाल असतो तोच मुळी लोहामुळं, रीफमध्ये नको. आपला काळा दगड त्यापेक्षा बरा, पण जड आणि ठोस, पाणी साफ ठेवणाऱ्या बॅक्टेरियाला आत जागाच नाही. आणि मालवणला गेलात तर किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, मेलेले असले तरी. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे. रॉक कमी पडला तर कमान बुटकी करा, नाहीतर थोडे दिवस थांबून अजून मागवा.