बरोबर उत्तर रात्री नऊनंतर

प्रश्न : आमच्या बार्शीत बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. शंभरावर माणसं आहेत, शाळकरी पोरांपासून निवृत्त मास्तरांपर्यंत. मी रोज सकाळी ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’ असं कोडं टाकतो. पाच मिनिटांत ठरलेल्या तिघांपैकी कुणीतरी उत्तर देतो, दोन-चार अंगठे येतात आणि मग दिवसभर शुकशुकाट. गट बोलता ठेवायचा तर काय टाकावं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमचं कोडं वाईट नाही. पण पहिलं बरोबर उत्तर आलं की ते संपतं, आणि ज्याला अर्धा तास लागणार होता त्याच्यासाठी काही उरतच नाही. म्हणून आधी एक नियम करा : रात्री नऊपर्यंत गटावर कुणी पूर्ण उत्तर लिहायचं नाही. सुटलं असेल त्याने तुम्हाला खासगीत पाठवावं, गटावर नुसतं ‘सुटलं’ म्हणावं. दिवसभर गटावर बोलायचं ते शंकांबद्दल आणि फसलेल्या प्रयत्नांबद्दल. आमच्या नाशिकच्या गटात हा नियम लागू झाल्यावर भर दुपारी ‘हत्ती दिला तर राजा जी८ला पळतो, मग पुढे?’ अशी वाक्यं दिसायला लागली. (जी८ म्हणजे पटावरच्या एका घराचं नाव : उभ्या ओळीचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा.) मला त्या वाक्यांचं अप्रूप आहे. त्यात माणूस विचार करताना दिसतो.

दुसरं म्हणजे, नुसत्या मात देण्याच्या कोड्यांवर अडून राहू नका. ‘उत्तर काय?’ असं विचारलं की ज्याला ते येतं तोच बोलतो. ‘तुम्ही काय कराल, आणि का?’ असं विचारलं की बाकीचेही तोंड उघडतात. मधल्या डावातली साधी स्थिती टाका आणि विचारा : पांढऱ्याची कुठली सोंगटी सगळ्यात रिकामी बसली आहे, तिला कुठल्या घरात न्याल? किंवा : इथे लहान बाजूला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणं) कराल, मोठ्या बाजूला कराल, की राजा मधेच ठेवाल? दोन ओळींचा प्रश्न पुरतो. त्याला मोठी प्रस्तावना जोडलीत तर लोक वाचायच्या आधीच पुढे सरकतात.

मोठ्या डावांतला एकच क्षण उचलणंही चांगलं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. ५५व्या चालीला पांढऱ्याने खेळणाऱ्या, तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने हत्ती एफ२वर आणून हत्तींची मारामारी पुढे केली. गुकेशने हत्ती घेतला, डिंगने राजाने परत घेतला. आता काळ्याची चाल. पट इथे थांबवा आणि विचारा, ‘उंटांचीही मारामारी करावी का? नुसते राजे आणि प्यादी उरली तर कोण जिंकेल?’ गुकेशने उंट डी५वर नेला आणि तीच मारामारी करून जगज्जेतेपद मिळवलं. पण हे रात्री सांगा. दिवसा लोकांना प्यादी मोजू द्या.

आता त्या तिघांबद्दल. त्यांना गप्प बसवू नका, पटाच्या पलीकडच्या बाजूला बसवा. ते तिघं मिळून काळे, उरलेला सगळा गट पांढरा. रोज एक चाल. गटाची चाल मतदानाने ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मत घ्यायची सोय आहेच. सकाळी सुचवलेल्या चालींतल्या तीन-चार तिथे ठेवा. अट एवढीच की मत देणाऱ्याने एका ओळीत कारण लिहायचं. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवर रशियाचा दिग्गज खेळाडू कास्पारोव्ह विरुद्ध सारं जग असा डाव भरवला होता. एका चालीला चोवीस तास, आणि जगाची चाल मतदानाने. लोकांना चाली सुचवायला तरुण खेळाडू नेमले होते, त्यांत अमेरिकेची १५ वर्षांची इरिना क्रश होती. दहाव्या चालीला तिने वजीर ई६वर न्यायचं सुचवलं, ते तोवर कुणी खेळलेलं नव्हतं, आणि डाव एकदम बिकट झाला. कास्पारोव्ह ६२ चालींनी जिंकला, पण ते महिने त्याला सोपे गेले नाहीत. २०२५मध्ये मॅग्नस कार्लसन असाच जगाविरुद्ध खेळला आणि त्याला बरोबरी घ्यावी लागली. समोर १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं होती. बार्शीत शंभर पुरेत. ज्याची सूचना निवडली गेली त्याचं नाव चालीपुढे लिहीत जा, तेवढ्यासाठीही माणसं दुसऱ्या दिवशी येतात.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. क्लासच्या गटावर तिने उत्तर टाकलं, ते चुकलं, आणि दोन मोठ्या मुलांनी हसणारे चेहरे टाकले. तेव्हापासून ती कोडी सोडवते, पण गटावर लिहीत नाही. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही. हे गट चालवणाऱ्याचं काम आहे, आणि माझं हे उत्तर त्यांना जरूर दाखवा. चुकीच्या उत्तराला पहिला प्रतिसाद गट चालवणाऱ्याने द्यायचा, तोही ‘चूक’ असा नाही. तिची चाल खरी मानून पुढे जायचं : ‘बरं, वजीर एच७ला गेला. आता तू काळा आहेस. काय खेळशील?’ बहुतेक मुलं स्वतःच उत्तर शोधतात आणि हसणाऱ्यांना हसायला जागा राहत नाही. तरी कुणी हसलंच तर त्याला त्याच दिवशी फोन करायचा. ही बाब मी सौम्यपणे घेत नाही.

मुलांसाठी मोजायचे प्रश्न फार छान चालतात. ‘या पटावर पांढरा काळ्या राजाला किती प्रकारे शह देऊ शकतो? सगळे शोधा, वेडेवाकडेही चालतील.’ एकाला चार सापडतात, दुसऱ्याला पाचवा, आणि त्या पाचव्यातच कधी कधी मात दडलेली असते. इथे कुणाचं उत्तर चूक ठरत नाही, अपुरं ठरतं, आणि ते दुसरा पूर्ण करतो.

तिला नागपूरच्या दिव्या देशमुखचे बातूमीतले डाव लावून दाखवा. जुलै २०२५मध्ये दिव्याने जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत) हरवून. १९ वर्षांची होती. ग्रँडमास्टर होण्यासाठी लागणारा एकही नॉर्म (स्पर्धेतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीची नोंद) तोवर तिच्याकडे नव्हता, किताब त्या विजयानेच मिळाला. त्यातली एक स्थिती तुमच्या लेकीलाच निवडू द्या आणि गटावर प्रश्न तिला विचारू द्या. उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारायला मुलं लवकर पुढे येतात.

प्रश्न : आमच्या गटात लोक मोबाइलवरच्या इंजिनातून (चाली शोधून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) चाल बघून टाकतात. मग चर्चा कसली?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : इंजिन चाल सांगतं, पण ती तुम्हाला पटावर सुचली असती का, हे नाही. म्हणून माणसाबद्दल विचारा. ‘घड्याळात एक मिनिट उरलं आहे, समोर तुमच्याच ताकदीचा खेळाडू आहे. कुठली बाजू घ्याल?’ ‘या आठवड्यात हरलेल्या डावातली अशी एक स्थिती टाका, जिथे तुम्ही दोन चालींमध्ये अडकलात.’

एक जुनी गोष्टही सांगते. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए यांचा बुद्धिबळाचा स्तंभ होता. त्यात त्यांनी एक शेवट बरोबरीचा म्हणून छापला. आज तो असा मांडतात : पांढरा राजा बी६, प्यादं सी६, काळा राजा ए१, हत्ती डी५. प्यादं सी७ला जातं, काळा हत्ती बाजूने शह देत राहतो, पांढरा राजा एकेक घर खाली उतरत सी२वर येतो आणि हत्ती डी४वर जातो. आता प्यादं शेवटच्या ओळीत, सी८वर नेऊन त्याचा वजीर केला तर हत्ती सी४वर येऊन शह देतो. वजिराने तो मारला की काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, डाव बरोबरीत. बार्बिए इथे थांबले. ग्लासगोतच राहणारे सावेद्रा नावाचे स्पॅनिश धर्मगुरू थांबले नाहीत. त्यांनी कळवलं, वजीर करू नका, हत्ती करा. आता ए८वर मात आहे, म्हणून काळा हत्ती ए४ला जातो. पांढरा राजा बी३ला येतो, आणि त्या एका चालीत हत्तीही मारला जातोय आणि सी१वर मातही आहे. सावेद्रा काही नामांकित खेळाडू नव्हते. छापलेलं उत्तर त्यांनी स्वतः तपासून पाहिलं, आणि त्यांचं नाव आजही त्या स्थितीला आहे. ही स्थिती तुमच्या गटावर ‘बरोबरी, बरोबर ना?’ एवढ्याच प्रश्नासह टाका. इंजिन लावणारा ‘हत्ती करा’ म्हणेल. त्याला विचारा, वजीर का नको?

या महिन्याचा प्रश्न : रिचर्ड रेटी यांची १९२१ची स्थिती. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, आणि पांढरा बरोबरी साधतो. पहिली चाल नुसती कळवू नका. काळं प्यादं इतकं पुढे असताना पांढरा राजा त्याला गाठतो तरी कसा, हे तुमच्या शब्दांत लिहा. चुकलेली पत्रंही छापणार आहे.