नरक्याचा काढा कॅन्सरवर चालेल का?

प्रश्न: मॅडम, आमच्या घाटात नरक्याची झाडं आहेत, त्यापासून कॅन्सरचं औषध बनतं म्हणून व्यापारी लाकूड घेऊन जातात. माझ्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. सोबत नरक्याची साल उकळून काढा दिला तर चालेल का? नैसर्गिकच आहे ना?
– एक वाचक, शाहूवाडी

उत्तर: नाही दादा, अजिबात देऊ नका, आणि दिला असेल तर आजच काकांच्या डॉक्टरांना सांगा. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं हे खरंय, पण ते पेशी मारणारं द्रव्य आहे, कॅन्सरच्याही आणि चांगल्याही. ते पहिल्यांदा वेगळं केलं अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ मध्ये, चीनमधल्या एका दुसऱ्याच झाडातून (वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे फार कमी लोकांना माहितीये). त्यांची पद्धत अशी: झाडाचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग टेस्ट करायचा, ज्यात असर दिसेल तेवढाच घेऊन परत त्याचे भाग पाडायचे, असं करत करत शेवटी एकच शुद्ध द्रव्य उरतं, आणि त्यांनी हा असर बघितला तो ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या उंदरांवर. नरक्यात तेच द्रव्य सापडलं १९७२ मध्ये, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना.

पण उंदरांवर चाललं म्हणजे औषध झालं असं नसतं हो! कॅम्प्टोथेसिन पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार (पाण्यात विरघळणारं रूप) करून पेशंटना दिला तर असर कमी आणि मूत्राशयाला इजा, जुलाब, रक्तातल्या पेशी घटल्या, शेवटी १९७० च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. नंतर त्याच्या रेणूत बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही केमोची औषधं बनवली, त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे शुद्ध द्रव्य हातात असूनही तीस वर्षं लागली, आणि काढ्यात तर किती उतरलंय हेच कळायला मार्ग नाही.

तुमच्या काकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्याच कॅन्सरला देतात. त्यानेच जोरदार जुलाब होऊ शकतात, पांढऱ्या पेशी घटतात, त्यात वरून घरचा काढा गेला तर जीवावर बेतेल. त्यांच्या केमोच्या कागदावर हे नाव आहे का बघा, नसलं तरी काढा नकोच, आणि जुलाब किंवा ताप सुरू झाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटलला फोन करा.