स्टेल्व्हिओ झेपेल का?

प्रश्न: मी पुण्याचा, वय ४४, दर रविवारी सायकलने सिंहगड करतो. इटलीत आल्प्सची गाईडेड ट्रिप घ्यायचीय, तिथला स्टेल्व्हिओ घाट झेपेल का हो?

उत्तर: झेपेल की! फक्त सिंहगडाचा हिशोब तिथे लावू नका. प्रातो गावाकडून चढ जवळपास २४ किलोमीटरचा, ४८ वळणं आणि माथा थेट २७५७ मीटरवर, म्हणजे दोन-अडीच तास पायांना उसंत नाही आणि वर हवा विरळ. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, कारण अशा ट्रिपमध्ये रोज नवा घाट असतो, म्हणून आत्तापासून शनिवार-रविवार सलग चढा. मागच्या चाकाला अशी कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) लावाच, जिचं सर्वात मोठं चक्र ३४ दातांचं असेल, गुडघे वाचतात. सामान व्हॅनमध्ये जाऊ दे पण विंडचीटर खिशातच ठेवा, उतारावर बोटं अक्षरशः गारठतात आणि ब्रेक दाबवत नाही.