मीटर हजार लिटर दाखवतो, टाकीत साडेनऊशेच भरतात, पोरं वाईन चोरतायत का? कुठला फ्लो मीटर घेऊ?

मालक, चोरीचं आधी डोक्यातनं काढा. मग मीटरचं बोलू.

तुम्ही लिहिलंय की छोटी वायनरी आहे, एका टाकीतनं दुसऱ्या टाकीत वाईन मारली की मीटर हजार दाखवतो आणि टाकीच्या पट्टीवर साडेनऊशे येतात, सेलरला दोनच पोरं आहेत, त्यांच्यावर संशय आहे, आणि पुढं मायक्रोब्रुअरी टाकायचीय तर बिअरला कुठला मीटर चालेल. प्रश्न दोन आहेत पण पहिल्यानंच माझं डोकं तापलंय, त्यामुळं दुसऱ्याचं जमेल तेवढं सांगतो.

मी सोलापूरचा, इन्स्ट्रुमेंटेशनची कामं घेतो, ब्रुअरी, डेअरी, वायनरी, जिथनं फोन येईल तिथं जातो. माझे थोरले साडू साखर कारखान्यात आयुष्य घालवून रिटायर झालेत, माणूस हुशार आहे, रसाच्या लाइनवर मॅग्नेटिक फ्लो मीटर त्यांनी भरपूर बसवलेत, ते मी नाकारत नाही. त्यांच्या ओळखीच्या एका द्राक्ष बागायतदारानं हौसेनं छोटी वायनरी काढली, शिराज आणि शेनिन ही वाईनची द्राक्षं लावलेली, आणि साडूभाऊंच्या सल्ल्यानं दोन इंची मॅग्नेटिक मीटर घेतला. बसवला कुठं, तर पंपातनं पाइप भिंतीवर चढतो, वर आडवा जातो आणि तिथनं टाकीच्या तोंडात वरनंच खाली पडतो, त्या आडव्या भागात, एकदम उंचावर. का तर तिथं जागा मोकळी होती आणि ऑफिसच्या खिडकीतनं डिस्प्ले दिसतो. मालकाला खुर्चीतनं उठायला नको.

आणि मग तुमचंच सगळं. मीटर जास्त, टाकीत कमी, शंभराला सात-आठ लिटरचा फरक. साडूभाऊंनी निकाल दिला की मीटरची अॅक्युरसी अर्धा टक्का आहे, कंपनीचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे, म्हणजे माल बाहेर जातोय. सेलरला मोहोळकडचा एक पोरगा होता, विशीतला, रात्री क्रशिंगला तोच, सकाळी टाक्या धुवायला तोच. त्याच्याकडनं चाव्या काढून घेतल्या, गेटवर त्याची पिशवी तपासायला लागले, पिशवीत भाकरीचा डबा आणि टॉवेल. सत्तर लिटर वाईन माणूस पिशवीतनं नेतो का हो? पण एकदा संशय बसला की गणित कोण करतंय.

मला बोलावलं ते मीटर तपासायला नाही, वरनं कॅमेरे कुठं लावायचे ते विचारायला. मी म्हटलं कॅमेरे राहू द्या, आधी एका टाकीत साधं पाणी घ्या आणि त्याच पंपानं, त्याच होजनं, त्याच मीटरमधनं दुसऱ्या टाकीत मारा. सगळ्यांसमोर मारलं. मीटर पुन्हा जास्त, टाकीत पुन्हा कमी, जवळपास तेवढाच फरक. आता पाणी कोण चोरतंय सांगा. पोरगा कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. साडूभाऊ म्हणाले पाण्याची आणि वाईनची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून न्यायची क्षमता, वेगळी असते. अहो असते ना, पण मॅग्नेटिक मीटरला त्याच्या किमान मर्यादेच्या वर कंडक्टिव्हिटी मिळाली की बास, ती बहुतेक मीटरना पाच मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास लागते, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी काय, वाईन काय, बिअर काय, सगळं त्याच्या शेकडो पट वर. तो मुद्दाच नव्हता.

मुद्दा असा की हा मीटर लिटर मोजतच नाही, वेग मोजतो. चुंबकीय क्षेत्रातनं द्रव वाहिला की दोन इलेक्ट्रोडमध्ये वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतं, मीटर त्या वेगाला पाइपच्या पूर्ण तोंडाच्या क्षेत्रफळानं गुणतो आणि लिटर सांगतो. पाइप पूर्ण भरलेला आहे हे त्यानं धरूनच घेतलंय. वाईन आपण हळू मारतो, पंप सौम्य, पुढं ना व्हॉल्व्ह ना दाब, वरनं नुसती टाकीत पडतेय, म्हणजे त्या उंचावरच्या आडव्या तुकड्यात वरच्या बाजूला हवा आणि खालनं वाईन. मीटर बिचारा पूर्ण पाइपचा हिशोब लावतोय. साखर कारखान्यात पंप दांडगा, पुढं कंट्रोल व्हॉल्व्ह, पाइप कायम ठासून भरलेला, तिथं कुठंही बसवला तरी खपून जातं. साडूभाऊंना आयुष्यात कधी अर्धा भरलेला पाइप भेटलाच नाही आणि त्यालाच ते अनुभव म्हणतात.

हे तत्त्व फॅरेडेचं. १८३२ मध्ये त्यानं लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ थेम्सच्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडून नदीच्या प्रवाहाचं व्होल्टेज मोजायचा प्रयत्न केला होता आणि त्याला भरवशाचा आकडा काही मिळाला नाही. फॅरेडेला भरलेल्या नदीत जमलं नाही ते आमच्या साडूभाऊंना रिकाम्या पाइपमध्ये जमायचं होतं.

मीटर खाली उतरवला, पंपाच्या पुढं जिथं पाइप सरळ वर चढतो त्या उभ्या भागात घातला. उभ्या पाइपात खालनं वर जाणारा द्रव पाइप भरूनच जातो. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट आणि नंतर दोनपट सरळ तुकडा सोडला, बेंडला चिकटवून नाही. फरक बराचसा गेला पण सगळा गेला नाही, आणि साडूभाऊ लगेच म्हणाले, बघा, उरलेली चोरीच.

तेव्हा तो पोरगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, पंप चालू असताना आतनं खडे फिरल्यासारखा आवाज येतो, मी पहिल्या दिवसापासनं सांगतोय. कोणी ऐकलंच नव्हतं. साईट ग्लासच्या मागनं टॉर्च मारला तर बारीक बारीक बुडबुडे, एकसारखे. सक्शनच्या, म्हणजे पंपात वाईन ओढणाऱ्या, होजचा क्लॅम्प ढिला होता. सक्शनला गळती असली की थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून कुणाला दिसत नाही. पाण्यावर चालवून जॉइंटवर दाढीचा फेस लावला, डोळ्यादेखत आत ओढला गेला. मॅग्नेटिक मीटर वाईन आणि बुडबुडा यात फरक करत नाही, दोघांचे मिळून लिटर मोजतो. क्लॅम्प बदलला, हिशोब बसला.

आणि लिटर राहू द्या हो बाजूला, ती हवा वाईनमध्ये चालली होती! शेनिनसारख्या पांढऱ्या वाईनला ऑक्सिजन म्हणजे विष, रंग तपकिरी होतो, वास मरतो. मालक गेटवर पिशव्या तपासत होते आणि नुकसान क्लॅम्पमधनं होत होतं.

पोरगा सीझन संपल्यावर सोडून गेला. चाव्या परत दिल्या होत्या, पण कोण थांबेल? माफी कोणी मागितली नाही. साडूभाऊ आजही सासुरवाडीला जेवायला बसले, कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढं आली, की सांगतात मीटरमध्ये "ड्रिफ्ट" होता, म्हणजे आकडा आपोआप सरकत होता, कंपनीनं खराब पीस दिला. तोच मीटर आहे हो, आजपण चालतोय, नुसता खाली आणलाय.

आता तुमचे पन्नास लिटर. तुमच्या होजची लांबी किती आहे ते लिहिलं नाही. दोन इंची होजमध्ये दर मीटर लांबीला दोन लिटर बसतात, म्हणजे वीस मीटर होज असेल तर चाळीस लिटर त्यातच. मीटर पंपाजवळ असेल आणि होज रिकामा असताना सुरू केलं तर मीटरनं ते चाळीस मोजले, टाकीत मात्र ते आलेच नाहीत, आणि शेवटी होज उचकटून पोरांनी नाल्यात ओतला असेल तर तुमची चोरी तिथं आहे. होजमधली वाईन पाण्यानं किंवा नायट्रोजननं टाकीत ढकलून बघा. दुसरं, टाकीवरची पट्टी कोणी मारली? वायनरीच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, टाकी जरा जरी कलली तरी एका बाजूची पट्टी खोटं बोलते, आणि टाकीचा तळ शंकूसारखा असेल तर तो हिशोबात धरलाय का तेही बघा. मीटरवर संशय घेता, पोरांवर घेता, पट्टीवर कोणीच घेत नाही.

मीटर तपासायचा असेल तर त्यातनं ड्रम भरा आणि वजनकाट्यावर ठेवा. काट्यावर वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का बघा. पाण्यावर करा, एक किलो म्हणजे एक लिटर धरून चालतं. रसावर करू नका, बावीस ब्रिक्सच्या (म्हणजे बावीस टक्के साखरेच्या) रसाची घनता १.०९ च्या आसपास असते, हजार लिटर रस हजार नव्वद किलो भरतो, आणि मग कोणीतरी हुशार माणूस मीटरचा फॅक्टर, म्हणजे हिशोबाचा गुणक, बदलून ठेवतो.

होज रबरी असेल, म्हणजे असणारच, तर मीटरच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रिंग घालून घ्या. दोन्हीकडं रबर असलं की द्रवाला अर्थ मिळत नाही आणि पंप बंद असतानाही आकडा नाचतो. शिवाय अर्थिंगचा खड्डा. आमच्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, काळी माती हात जाईल एवढी फाटते, खड्डा कोरडा ठाक पडतो, आणि लोक मीटर कंपनीला शिव्या देतात. बादलीभर पाणी ओता की.

कुठला घ्यावा तर माझं सरळ मत, वायनरीला मॅग्नेटिक. टर्बाइन, म्हणजे आत पाती फिरतात तो, अजिबात नको, साल आणि बिया असलेल्या रसात तो पहिल्या रात्री अडकतो, फिल्टर केलेल्या वाईनला चालेल पण त्याचं बेअरिंग धुणार कसं? बाहेरनं चिकटवायचा अल्ट्रासॉनिक तपासणीला बरा, कायमचा नको, बुडबुडे आणि गाळ आला की गडबडतो. कोरिऑलिस भारी, वजन मोजतो, सोबत घनता पण देतो म्हणजे ब्रिक्स किंवा प्लेटो (बिअरवाल्यांचं साखरेचं माप) स्क्रीनवर दिसतं, पण किंमत ऐकून बसाल, आणि बुडबुड्यांनी त्याचाही ताल जातो. म्हणजे क्लॅम्प ढिला ठेवून महागडा मीटर आणला तर चूक महाग झाली, बाकी काही नाही.

बिअरचं थोडक्यात. इथंपण मॅग्नेटिक चालतो, पण बिअरमध्ये गॅस आहे हे डोक्यात ठेवा. दाब पडला की गॅस सुटतो आणि मीटर फेस मोजायला लागतो. अडीच व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड असलेली, म्हणजे लिटरमागं अडीच लिटर गॅस विरघळलेली, बिअर दोन अंशावर असेल तर गेजवर साधारण पाऊण बारच्या आसपास दाबात शांत राहते, तीच वीस अंशावर गेली तर दोन बारच्या जवळ दाब लागतो. म्हणून मीटर थंड जागी, पंपाच्या पुढं, आणि नियंत्रणाचा व्हॉल्व्ह मीटरच्या नंतर, आधी नाही. वर्टमध्ये, म्हणजे बिअर व्हायच्या आधीच्या माल्टच्या गोड पाण्यात, अजून एक गोम आहे, उकळत्या वर्टचे शंभर लिटर गार केल्यावर शहाण्णवच होतात, चार टक्के आकुंचन. उकळायच्या केटलला मोजलेलं आणि आंबवायच्या फर्मेंटरला मोजलेलं जुळणार नाही आणि जुळायला पण नको. तिथं पुन्हा पोरांवर जाऊ नका. आणि धुलाईच्या लाइनलापण मीटर हवा, सीआयपीत (लाइन न खोलता आतल्या आत धुताना) पाइपमधला वेग सेकंदाला दीड मीटरच्या खाली आला तर पाइप नुसता ओला होतो, धुतला जात नाही. दोन इंची पाइपला हे आतल्या व्यासाप्रमाणं तासाला साडेनऊ ते अकरा हजार लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे वाईन मारायचा तुमचा छोटा पंप त्याला पुरणार नाही.

राहिलं ते. मी लांबनं बोलतोय, तुमची लाइन बघितलेली नाही, त्यामुळं कुणीतरी खरंच चोरत असेल तर मला माहीत नाही, पण पाण्याची चाचणी केल्याशिवाय कुणाला काढू नका. आरओचं पाणी या मीटरमधनं मोजणार असाल तर आधी त्याची कंडक्टिव्हिटी बघा, फार शुद्ध असेल तर वाचत नाही. राज्य उत्पादन शुल्कच्या साहेबांना तुमच्या मीटरचा आकडा दाखवून भागेल असं धरू नका, रजिस्टर कशावर लिहायचं ते त्यांनाच विचारा. आणि ब्रुअरीचं लायसन्स हातात पडेपर्यंत "ट्रायल बॅच" वगैरे घरी लावू नका, आपल्याकडं दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो हौस बघत नाही.

साइजचं विसरलो. तासाला पाच हजार लिटर मारत असाल तर दोन इंचीत वेग पाऊण मीटरच्या आसपास येतो, चालतो पण कमीच, दीड इंची मीटर घेतला तर जवळजवळ दुप्पट वेग मिळेल आणि आकडा स्थिर राहील. घेण्याआधी लाइनचे फोटो टाका, मीटरच्या आधीचा, नंतरचा, आणि सक्शनच्या क्लॅम्पचा जवळनं काढलेला.