काटशह म्हणजे नुसतं प्रत्युत्तर का?

प्रश्न असा: ‘शह-काटशहाचे राजकारण’ हे शब्द बातम्यांत हमखास भेटतात. त्यातला काटशह म्हणजे समोरच्याला दिलेलं प्रत्युत्तर, इतकंच ना? की बुद्धिबळात खरोखर असं काही असतं? आणि ‘कटशह’ बरोबर की ‘काटशह’?

शुद्धलेखनाचं आधी उरकतो. ‘काटशह’, तोही जोडून. शब्द राजकारणात फार वावरत असल्यामुळे कटकारस्थानातला ‘कट’ त्यात शिरतो, पण त्याचा इथे संबंध नाही. शब्द पुल्लिंगी: काटशह दिला, काटशहाने डाव फिरला.

आता अर्थ. बुद्धिबळात काटशह असतो आणि तो अगदी नेमका असतो. आपल्या राजाला शह बसलेला आहे. तो काढणाऱ्या खेळीनेच समोरच्या राजाला शह बसला, तर तो काटशह. बचाव आणि हल्ला, दोन्ही एकाच खेळीत. शह काढायचे मार्ग तीन: राजा हलवणे, शह देणारा मोहरा मारणे किंवा मध्ये मोहरा घालणे. तिन्हींतून काटशह निघू शकतो. राजा स्वतः शह देत नाही, पण तो बाजूला झाल्यावर मागच्या हत्तीची किंवा उंटाची वाट मोकळी होते. घोड्याचा, प्याद्याचा किंवा अगदी शेजारच्या घरातून दिलेला शह आड काही घालून निघत नाही, त्यामुळे तिथे दोनच मार्ग उरतात.

खरी गंमत वजिरांच्या अंतिम डावात आहे, म्हणजे पटावर राजे, वजीर आणि थोडी प्यादी एवढंच उरतं तेव्हा. हा पट मांडून पाहा (अक्षर म्हणजे उभी पट्टी, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; अंक म्हणजे आडवी ओळ, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). पांढरे: राजा सी८, वजीर एफ४, प्यादं डी७. काळे: राजा ए५, वजीर सी३. काळ्याने नुकताच सी३ वरून शह दिलाय. पांढऱ्याचं प्यादं वजीर व्हायला एकच घर बाकी आहे, पण शह आधी काढायला हवा. राजा डी८ वर नेला तर आपल्याच प्याद्याची वाट अडते आणि काळा एच८ वरून पुन्हा शह देतो. वजीर सी४ वर आणला तर शह निघतो खरा, पण त्या घराला कुणाचाच जोर नाही. काळा वजीर फुकट मारून वर शह देतो.

जिंकणारी खेळी म्हणजे वजीर सी७. इथे वजिराला राजाचा जोर आहे आणि सी७ वरून बी६ मार्गे ए५ वर थेट शह बसतो. काळ्याने वजीर मारला तर राजा मारतो, डी८ हे घर त्याच्या ताब्यात राहतं आणि पुढच्या खेळीला प्याद्याचा वजीर. काळ्याने राजा हलवला तर सी३ वरचा वजीर जातो. राजा बी४ वर आणून त्याला जोर दिला तरी मारामारी होते आणि प्यादं पोचतंच. म्हणूनच अशा डावात जाणते खेळाडू आपला राजा मुद्दाम समोरच्या राजाच्याच पट्टीत किंवा शेजारच्या पट्टीत नेऊन ठेवतात: शह आला की आड घातलेला वजीर उलट शह देईल अशी शक्यता वाढते. शहांची न संपणारी रांग तुटते ती बहुधा अशीच.

यावरून लाक्षणिक वापराचंही ठरवता येतं. ‘त्यांनी आमचे दोन नगरसेवक फोडले, आम्ही त्यांचे तीन फोडले’ हा काटशह नव्हे. आपले दोघे गेले ते गेलेच. त्याला उट्टं काढणं म्हणा, पलटवार म्हणा. अविश्वास ठराव आला आणि अध्यक्षांच्या एकाच चालीने तो बारगळला, शिवाय ठराव आणणाऱ्याचीच खुर्ची धोक्यात आली, तर तो काटशह. आणखी एक: काटशह पहिल्यांदा देता येत नाही. ‘निवडणूक जाहीर होताच पक्षाने काटशह दिला’ या वाक्यात मूळ शह कुणाचा, ते आधी सांगावं लागेल.

‘शह-काटशह’ या जोडशब्दाला मात्र मी इतका कडक नियम लावणार नाही. डावपेचांची एकामागून एक चाललेली देवघेव, असा सैल अर्थ तिथे आता रुळला आहे आणि तो कुणाला खटकत नाही.